सरकारी सेवांतील डिजिटल बदल आणि तालुक्याचे दप्तर

मराठवाड्यातील एका तालुक्यात नुकतेच नायब तहसीलदार म्हणून रुजू झालेल्या अधिकाऱ्याने विचारले आहे की, सार्वजनिक सेवांमध्ये सध्या ज्या डिजिटल प्रवाहांची चर्चा होते त्यांपैकी कोणते प्रवाह कामाची पद्धत खरोखर बदलणार आहेत, आणि तालुका पातळीवर हाती असलेला थोडा वेळ, थोडी माणसे आणि थोडा निधी कशावर खर्च करावा. मी बरीच वर्षे जिल्हा पातळीवर ई-प्रशासनाचे काम पाहिले आणि त्यानंतर तलाठी, मंडळ अधिकारी व सेवा केंद्रचालक यांच्या प्रशिक्षणात राहिलो. त्यामुळे हे उत्तर तहसीलच्या खिडकीतून जे दिसते त्यावर आधारलेले आहे.

माझे मत आधीच सांगतो. आपल्या भागात सर्वांत मोठा परिणाम करणारा बदल म्हणजे सेवेचा आधार अर्जाकडून नोंदीकडे सरकणे. ॲप, चॅटबॉट, व्हॉट्सॲपवरील सेवा हे सगळे त्या बदलाचे दर्शनी भाग आहेत. लाभार्थी कोण हे यापुढे त्याने भरलेल्या अर्जावरून कमी आणि सरकारकडे आधीच असलेल्या दोन-तीन नोंदी एकमेकींशी जुळतात की नाही यावरून अधिक ठरणार आहे. ज्या तालुक्याच्या नोंदी स्वच्छ आहेत त्याला हा बदल सुखाचा जाईल, आणि ज्याच्या नोंदी जुन्या, अर्धवट किंवा चुकीच्या आहेत तेथे पात्र माणसे कोणीही निर्णय न घेता आपोआप बाहेर पडतील. मराठवाड्याचे दप्तर, प्रामाणिकपणे बोलायचे तर, दुसऱ्या प्रकारात अधिक मोडते, आणि त्याला ऐतिहासिक कारणे आहेत.

आधी हा बदल नेमका कसा होतो ते पाहू. पूर्वी शेतकरी अर्जासोबत सातबारा, आठ-अ, पासबुकाची आणि आधारची झेरॉक्स जोडत असे. कारकून ते कागद पाहत असे आणि सातबाऱ्यावर ‘बाबाराव’ व आधारवर ‘बाबुराव’ असले तरी माणूस समोर उभा आहे, गावाचा कोतवाल त्याला ओळखतो, म्हणून पुढे पाठवत असे. या सवलतीचा गैरवापरही होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यामुळे हजारो किरकोळ चुका कोणाला न कळता जिरून जात. ॲग्रीस्टॅक, म्हणजे शेतकरी आणि त्याची जमीन यांची नोंद जोडणारी केंद्राची डिजिटल व्यवस्था, हिच्यात ही जागाच उरलेली नाही. केंद्राने या योजनेच्या प्रायोगिक टप्प्यासाठी सहा राज्यांतून एकेक जिल्हा निवडला तेव्हा महाराष्ट्रातून बीड जिल्हा घेतला होता. डिसेंबर २०२४ पासून राज्यभर शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी सुरू झाली आणि एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो क्रमांक बंधनकारक झाला. नोंदणीच्या वेळी प्रणाली आधारवरील नाव आणि अधिकार अभिलेखातील खातेदाराचे नाव यांची तुलना करते, त्या खात्याखालील गट त्या व्यक्तीला जोडते आणि नाव पुरेसे जुळले नाही तर प्रकरण तपासणीसाठी महसूल यंत्रणेकडे पाठवते. हा क्रमांक एकदा तयार झाला की पीक विमा, पीककर्ज, अनुदान आणि नुकसानभरपाई यांसाठी तीच ओळख पुढे चालते. २०२५ च्या पावसाळ्यानंतर अतिवृष्टीची मदत वाटताना ॲग्रीस्टॅकमध्ये नोंद असलेल्यांना वेगळ्या ई-केवायसीतून सूट मिळाली, यावरून या नोंदीचे वजन किती वाढले आहे ते लक्षात यावे. ज्यांची नोंद नव्हती ते ‘व्हीके नंबर’, म्हणजे मदतीच्या यादीतील आपला विशिष्ट क्रमांक, घेऊन सेवा केंद्राच्या दारात रांगेत होते.

आता आपल्या दप्तराकडे येऊ. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्यामुळे येथील जमिनीचा मूळ पुरावा उर्दूतील कागदांत, मोडीतील नोंदींत आणि १९५४ च्या खासरा पत्रकात व त्यानंतरच्या पहाणी पत्रकांत विखुरलेला आहे. पश्चिम महाराष्ट्रात जी सलगता आढळते ती येथे नाही. कूळ कायदाही वेगळा, म्हणजे १९५० चा हैदराबादचा. जुन्या नोंदींत खातेदाराचे नाव अनेकदा आडनावाशिवाय येते: ‘माणिक पि. (पिता) धोंडीबा’, ‘गयाबाई भ्र. (भ्रतार, म्हणजे नवरा) किसन’. हीच नावे पुढे हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर आणि तेथून संगणकावर जशीच्या तशी आली. दरम्यान माणिक पि. धोंडीबा यांनी आधार काढले तेव्हा ऑपरेटरने नाव इंग्रजीत टंकले, प्रणालीने त्याचे मराठी केले, आणि कार्डावर ते माणिकराव धोंडीराम अमुक झाले. गावाला हा एकच माणूस आहे हे माहीत आहे. यंत्राच्या लेखी ते दोन आहेत. गयाबाईंच्या बाबतीत तर आधारवर माहेरचे नाव, सातबाऱ्यावर नवऱ्याचे आणि बँकेत तिसरेच, असे सर्रास आढळते.

दुसरी अडचण मयत खातेदारांची. वडील जाऊन वीस वर्षे झाली तरी वारस नोंद झालेली नाही, कारण वाटणीचा वाद नको, बहिणींच्या सह्यांचा प्रश्न आहे, किंवा इतकी वर्षे काही अडलेच नाही. आता अडते. वडिलांचा शेतकरी ओळख क्रमांक काढता येत नाही आणि मुलाच्या नावावर जमीन नाही, म्हणून त्याचाही निघत नाही. राज्याने २०२५ मध्ये राबवलेली जिवंत सातबारा मोहीम याच दुखण्यावर होती, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतील डिजिटल उपक्रमांत ती सर्वांत मोलाची ठरावी, जरी तिच्यात तंत्रज्ञान म्हणण्यासारखे फारसे काही नाही. तलाठ्याने, ज्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, चावडीवर बसून मयतांची यादी वाचायची, वारसांकडून कागद घ्यायचे आणि फेरफार धरायचा, एवढेच ते काम. मोहिमेचा कालावधी संपला म्हणून आपल्या तालुक्यात ते थांबले असेल, तर ते पुन्हा सुरू करणे हा माझा पहिला सल्ला आहे.

सामाईक खात्यांचा गुंता याहून अवघड आहे. चार भावांचे एकच खाते, क्षेत्र एकत्र, कोणाचा हिस्सा किती याची नोंद नाही, आणि प्रत्यक्षात प्रत्येक जण बांध घालून वेगळे कसतो. योजनेला मात्र प्रत्येकाचे क्षेत्र आकड्यात हवे असते. अशा ठिकाणी घाईने हिस्से टाकून मोकळे होण्याचा मोह होतो, तो टाळावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो, हक्क बदलता येत नाही, आणि ही सीमा ओलांडलेल्या आदेशांनी अनेक अधिकारी पुढे चौकशीत सापडलेले मी पाहिले आहेत. नावातील काना, वेलांटी, चुकलेले वडिलांचे नाव, टंकताना गळलेला एक खातेदार ही कामे १५५ ची. वाटणी हे वेगळे प्रकरण आहे आणि त्याचा रस्ता वेगळा आहे. वारस, बोजा कमी करणे यांसारख्या नोंदींसाठी ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या अर्ज करता येतो, हे गावात अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे; जे करतात ते बहुतेक सेवा केंद्रातूनच. नोटिशीचा पंधरा दिवसांचा कालावधी मात्र ऑनलाइन झाला म्हणून कमी होत नाही, आणि होऊही नये.

याच साखळीतील शेवटचे टोक बँकेत आहे. आधार क्रमांकावरून थेट पैसे जमा होतात तेव्हा ते लाभार्थ्याने अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असे लोक समजतात. प्रत्यक्षात ते त्या आधारशी सर्वांत शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जातात, कारण देशपातळीवरील भरणा यंत्रणेच्या जोडणी-यादीत एका आधारासमोर एकच बँक असते. एखाद्या बाईने बचत गटासाठी किंवा सिलिंडरसाठी मध्येच दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि तेथे संमतीचा कागद भरला, की पुढचे सगळे हप्ते तिकडे वळतात. ती जुन्या बँकेत जाऊन पासबुक भरून घेते, पैसे दिसत नाहीत, आणि तहसीलमध्ये तक्रार करते. तहसील म्हणते पैसे गेले, बँक म्हणते आले नाहीत, आणि दोघेही खरे बोलत असतात. पीएम किसानच्या बाबतीत जमिनीची जोडणी, बँकेची आधार जोडणी आणि ई-केवायसी अशा तीन अटी आहेत, आणि त्यांपैकी नेमकी कोणती अपुरी आहे हे संकेतस्थळावर दिसते. तरीही लोकांना सरसकट ‘केवायसी करा’ असे सांगितले जाते, कारण ते सांगणे सोपे आहे. आपल्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला या तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहता आल्या, तर फेऱ्यांचा मोठा भाग तेथेच मिटेल.

दुसरा मोठा प्रवाह पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. अधिकाऱ्याने लिहिलेल्या शब्दाऐवजी स्थानाची नोंद असलेले छायाचित्र हा पुरावा होत चालला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी हे त्याचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण. गाव नमुना १२ मधील पिकाची नोंद तलाठ्याने करायची, ती शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर करायची झाली. अधिकाराचे हे हस्तांतरण लहान नाही, आणि मला ते मनापासून पटते: घरी बसून एका गावाचा बारा नंबर भरला जात असे ते दिवस मी पाहिले आहेत. रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी आली, गावठाणातील जागा मोजण्यासाठी स्वामित्व योजनेचे ड्रोन फिरले, आणि पीक विम्यात उपग्रहावरील माहितीचा वाटा वाढतो आहे. हे सगळे एकाच दिशेने जाणारे आहे.

परंतु छायाचित्र काढण्यासाठी शेतात पोचता आले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, तेरणा आणि गोदावरी यांच्या काठच्या गावांत शेत कोठे संपते आणि नदी कोठे सुरू होते हे कळत नव्हते. सोयाबीन पाण्याखाली, कित्येक ठिकाणी मातीच वाहून गेलेली, वीज नाही, टॉवर बंद. अशा वेळी स्थाननिश्चित छायाचित्राचा आग्रह धरला तर ज्याचे नुकसान सर्वाधिक तोच पुराव्याअभावी मागे राहतो. नियमांत अशा प्रसंगी सवलत देता येते आणि शासन ती देतेही, पण ती गावापर्यंत पोचेपर्यंत दिवस जातात, आणि विम्यासारख्या ठिकाणी बहात्तर तासांत सूचना देण्याची अट अनेक वर्षे लोकांच्या मानेवर बसलेली होती. येथे तालुका अधिकाऱ्याला करण्यासारखे बरेच आहे. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये नोंद रेंज नसतानाही घेता येते आणि रेंज आल्यावर पाठवता येते, शेतकऱ्याला अठ्ठेचाळीस तासांत आपली नोंद स्वतः दुरुस्त करता येते, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सहायक नेमलेला असतो. या तीन सोयी प्रत्येक गावातील निदान चार-पाच जणांना नीट माहीत आहेत की नाही, एवढे पावसाळ्याआधी पाहावे. सहायकांचे मानधन वेळेवर निघते का, हेही पाहावे. ते थकले की हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या गावाची पाहणी एकाच मोबाइलवरून, बहुधा एकाच बांधावरून, होते, आणि मग सोयाबीनच्या शेतात कापूस दिसू लागतो. तलाठ्याने तपासायच्या दहा टक्के नोंदी निवडताना असे एकाच ठिकाणाहून केलेले गठ्ठे आधी उचलावेत.

आता ओळख पटवण्याचे तंत्र. बोटाच्या ठशाकडून ओटीपी आणि आता चेहऱ्याकडे असा प्रवास चालू आहे. ऊस तोडणाऱ्याचा, वीटभट्टीवर काम करणाऱ्याचा, भांडी घासणाऱ्या बाईचा ठसा येत नाही ही गोष्ट रेशन दुकानापासून बँकेपर्यंत सर्वांना माहीत आहे. म्हणून चेहऱ्यावरून प्रमाणीकरण हा माझ्या मते स्वागतार्ह बदल आहे. निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे प्रमाणपत्र त्यावर चालते, आणि रेशनच्या ई-केवायसीसाठी घरच्या घरी वापरता येणारे ॲप आल्यावर अनेक म्हाताऱ्या माणसांची दुकानापर्यंतची पायपीट वाचली. मोतीबिंदू झालेले डोळे, अंधारे घर आणि स्वस्त मोबाइलचा कॅमेरा यांमुळे तेही कधी अडते, पण ठशापेक्षा कमी.

खरा प्रश्न मुदतींचा आहे, आणि तो तंत्रज्ञ सोडवू शकत नाहीत. बीड, तसेच धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांच्या काही भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. कोयता, म्हणजे ऊसतोडीचे जोडपे, फडात असताना गावात कोणत्या योजनेची ई-केवायसीची मुदत जाहीर झाली हे त्यांना कळत नाही. कळले तर आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना असतो, किंवा तो मोबाइल गावात राहिलेल्या सासूकडे असतो. मागील उचलीच्या वेळी आधारला मुकादमाचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असणे, हाही प्रकार आहे. तेव्हा ओटीपी मुकादमाकडे जातो आणि त्याचे काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको. एक देश एक रेशन कार्ड या व्यवस्थेमुळे कारखान्याच्या परिसरात धान्य उचलता येते, पण त्यासाठीही कुटुंबातील प्रत्येकाची नोंद आधी पूर्ण हवी. म्हणून मी म्हणतो की मराठवाड्यात वर्षातील सर्वांत उपयोगी डिजिटल शिबिर दसऱ्याआधीच्या पंधरवड्यात घ्यावे, आणि त्यात एकच गोष्ट प्राधान्याने करावी: आधारला स्वतःचा, चालू असलेला मोबाइल क्रमांक जोडणे. बाकी सगळे फडातूनही होऊ शकते.

कुटुंबाची रचना गृहीत धरण्याचा धोका मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत स्पष्ट दिसला. २०२५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लाभार्थी महिलेसोबत पती किंवा वडील यांच्या आधारचेही प्रमाणीकरण मागितले होते. विधवा आणि परित्यक्ता महिलांनी, ज्यांचे वडीलही हयात नाहीत, त्यांनी काय करायचे याचे उत्तर त्या पडद्यावर नव्हते. पुढे मुदत वाढली आणि अशा महिलांनी कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत अशी सोय झाली. म्हणजे अखेर प्रश्न सोडवला तो गावातल्या, त्या बाईला ओळखणाऱ्या माणसानेच. शेतकरी आत्महत्या झालेल्या कुटुंबांची संख्या ज्या विभागात मोठी आहे तेथे ही बाब कडेची म्हणून सोडून देता येत नाही. नवे पोर्टल आले की त्याची चाचणी अशा चार कुटुंबांवर करून पाहावी आणि जेथे अडेल ते लेखी कळवावे. वरच्या पातळीवर असे लेखी अभिप्राय किती दुर्मीळ असतात याची आपल्याला कल्पना नसेल.

सेवेच्या हमीविषयी थोडे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत, दोन अपिले, त्यानंतर आयोग, आणि कसूर झाल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड अशी चौकट आहे, आणि ‘आपले सरकार’ पोर्टलमुळे प्रत्येक अर्जाचा दिवस मोजला जातो. मोजणी सुरू झाली की मोजणीपुरते वागणेही सुरू होते. मुदत संपत आली की किरकोळ त्रुटी काढून अर्ज परत पाठवायचा, तो नव्याने आला की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात आणि प्रलंबित अर्जांचा तक्ता हिरवा राहतो. हा आजार कोण्या एका जिल्ह्याचा नाही. आपल्या बैठकीत निकाली निघालेल्या अर्जांची टक्केवारी कमी विचारावी आणि त्रुटी काढून परत केलेल्या अर्जांची यादी कारणांसह मागवावी. ‘कागद अस्पष्ट’ हे कारण एकाच टेबलावरून पुन्हा पुन्हा येत असेल, तर एक तर स्कॅनर खराब आहे किंवा हेतू.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपण विशेष विचारले आहे, पण तालुका पातळीवर त्यावर आज फार वेळ घालवू नये असे मला वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने व्हॉट्सॲपवरून सेवा देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला, त्याच वर्षी कृषी विभागाचे महाविस्तार ॲप आले आणि कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे पाच वर्षांचे धोरणही मंजूर झाले. केंद्राचे भाषिणी हे भाषांतर व आवाजाचे व्यासपीठ २०२२ पासून आहे. बोलून विचारता येणे ही ज्याला टंकता येत नाही त्याच्यासाठी मोठी सोय आहे, आणि अर्जाची स्थिती सांगणे, लागणारे कागद सांगणे, जवळचे केंद्र दाखवणे एवढ्यासाठी हे साधन चांगले चालेल. मात्र आपल्याकडचा शेतकरी ‘माझं अनुदान काहून पडंना गेलंय’ असे विचारतो, आणि त्याचे खरे उत्तर त्याच्या नोंदीत अडकलेले असते. नोंद चुकीची असेल तर यंत्र तेच चुकीचे उत्तर अधिक नम्रपणे देईल. पात्रता ठरवण्याचे काम मात्र त्याच्याकडे सोपवू नये. संशयित प्रकरण शोधून देणे एवढेच त्याचे काम ठेवावे, आणि नाव वगळण्याच्या आदेशावर सही करणाऱ्या माणसाने कारण स्वतः वाचलेले असावे.

एक उपयोग मात्र मराठवाड्यासाठी मला खरोखर आशादायक वाटतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. तो म्हणजे जुन्या दप्तराचे वाचन. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना तालुक्या-तालुक्यांतील उर्दू, फारसी आणि मोडी कागद बाहेर काढले, तेव्हा आपल्या अभिलेख कक्षांत काय आहे, काय नाही आणि काय वाळवीने खाल्ले हे प्रथमच नीट समोर आले. त्या कामात वाचणारी माणसे किती कमी उरली आहेत हेही दिसले. आरक्षणाच्या वादाविषयी येथे बोलण्याचे कारण नाही. पण त्या निमित्ताने झालेली छायांकने केवळ एका प्रमाणपत्रापुरती ठेवू नयेत. त्यांना गाव, वर्ष आणि दस्तऐवजाचा प्रकार अशी साधी सूची लावली, तरी इनाम जमिनी, कुळांचे हक्क, गावठाणाच्या सीमा यांच्या प्रकरणांत पुढची कित्येक वर्षे उपयोग होईल. मोडी वाचणारे यंत्र तयार होईल तेव्हा होईल. सूची आज आपल्याच कार्यालयात, एका लिपिकाच्या आणि मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त माणसाच्या मदतीने करता येते.

माहितीच्या सुरक्षिततेचे बोलायचे तर कायदा आता आहे: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. पण तालुक्यातली गळती कोणत्याही परदेशी हॅकरमुळे होत नाही. सेवा केंद्राच्या संगणकावर हजारो लोकांची आधार व पासबुकाची छायाचित्रे पडलेली असतात, ती व्हॉट्सॲपवर आलेली असतात, आणि त्याच संगणकावर दिवसभर दहा वेगवेगळी मुले बसतात. लाभार्थ्यांच्या याद्या पूर्ण आधार क्रमांकासह गावाच्या ग्रुपवर टाकल्या जातात, कधी कधी सरकारी कर्मचाऱ्याकडूनच. तलाठ्याचे डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल खाजगी मदतनीसाच्या खिशात असते, पासवर्ड टेबलाच्या काचेखाली असतो. या गोष्टींसाठी निधी लागत नाही. डोंगल ज्याचे त्याच्याकडे असणे, यादीत आधारचे शेवटचे चार आकडेच दिसणे आणि सेवा केंद्राच्या तपासणीत दरफलकासोबत संगणकातील जुन्या फायलीही पाहणे, हे पुढच्याच महिन्यात करता येईल. दरफलकाचा उल्लेख केला तो यासाठी की डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो आणि त्यावरील पडताळणी क्रमांकाने तो कोठेही तपासता येतो. तरी त्याच सातबाऱ्यावर पुन्हा तलाठ्याची सही-शिक्का मागणाऱ्या बँका आणि कार्यालये आहेत. आपल्या कार्यालयात ती मागणी होत नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे.

निधीचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण त्याचे उत्तर लहान आहे. नवे ॲप करू नका. जिल्ह्या-जिल्ह्यांत उत्साही अधिकाऱ्यांनी केलेली ॲप त्यांच्या बदलीनंतर महिनाभरात बंद पडलेली आहेत; उद्घाटनाची छायाचित्रे तेवढी भिंतीवर राहतात. त्याऐवजी तहसीलमध्ये एक नोंद-दुरुस्ती टेबल उभे करा, जेथे सातबारा, आधार, रेशन आणि बँक या चारही ठिकाणची नोंद एकत्र पाहून माणसाला नेमके कोठे अडले आहे ते कागदावर लिहून दिले जाईल. तेथे बसणाऱ्याला १५५ चे प्रस्ताव थेट आपल्यापुढे ठेवण्याची मुभा असावी, आठवड्यातून एक दिवस आधार अद्ययावत करण्याचा संच आणि बँकेचा एक प्रतिनिधी तेथे असावा, आणि प्रत्येक प्रकरणाचे कारण एका साध्या तक्त्यात लिहिले जावे. सहा महिन्यांनी तो तक्ता उघडला की कोणत्या सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात, मयत खातेदार अधिक आहेत, कोणत्या बँकेच्या शाखेत खाते जोडणी चुकते, कोणत्या गावात आधारवरचे नाव एकाच ऑपरेटरने बिघडवले आहे हे दिसू लागेल, आणि पुढच्या शिबिरासाठी गावे त्याच तक्त्यातून निवडता येतील.